वल्लूर आणि चान्या : धाराशिव प्रांतांतील शुष्क मांसाचा इतिहास

दुर्गांचे इतिहास लिहितांना आपण तटाची लांबी, बुरुजांची संख्या, तोफांचीं नांवें आणि शिलालेखांची वाचनें यांचा बारकाईनें विचार करतों. परंतु त्या तटाच्या आंत वेढ्याच्या दिवसांत माणसें काय खाऊन राहिलीं, आणि तटाबाहेर टपाल, खजिना किंवा सरकारी ओझें घेऊन कोसचे कोस चालणाऱ्या पायिकाच्या शिदोरींत काय होतें, हा प्रश्न आपल्या पृष्ठांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या शिदोरींतील एकाच जिनसाचा विचार करणार आहों. तो जिन्नस म्हणजे उन्हांत वाळविलेलें मांस. संस्कृत ग्रंथकार त्यास वल्लूर म्हणतात. मराठवाड्यांत ज्या घरांत तें होत असे त्या घरांत त्यास चान्या म्हणतात. या दोन शब्दांत व्युत्पत्तीचें नातें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पदार्थ मात्र एकच आहे. आणि त्या एकाच पदार्थास राजाच्या कोठारांत जागा व गांवकुसाबाहेर कलंक कसा प्राप्त झाला, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम कोठाराकडे वळूं. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील दुर्गविधान आपल्या अभ्यासकांच्या परिचयाचें झालें आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या चौथ्या अध्यायांत दुर्गांत कोणकोणत्या वस्तूंचा संचय असावा याची लांबलचक यादी आहे. तेल-तूप, धान्य, क्षार, मीठ, औषधें, वाळलेल्या भाज्या व चारा यांच्या पाठोपाठ वल्लूर येतें, आणि मग गवत, लांकूड, लोखंड, चामडें व शस्त्रास्त्रें. हा सर्व संचय अनेक वर्षें पुरेल असा असावा आणि जुना माल काढून त्या जागीं नवा भरीत जावा, असा ग्रंथकाराचा दंडक आहे. म्हणजे वाळलेलें मांस हें अडीअडचणीच्या वेळीं गोळा करावयाचें अन्न नव्हे. तें बाणांच्या भात्याप्रमाणें आधींच सिद्ध ठेवावयाचें, मोजून घ्यावयाचें व मुदत संपतांच बदलावयाचें सरकारी सामान होय.

पुढें कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत हाच ग्रंथकार वाळलेलें मांस व मासळी यांची गणना कंदमूळ व फळांसह शाकवर्गांत करतो. वाचकांस हें विचित्र वाटेल. परंतु शाक म्हणजे येथें मुख्य अन्नाबरोबर लावून खावयाची वस्तु, एवढाच अर्थ घेतला म्हणजे विचित्रपणा राहत नाहीं. धाराशिव-सोलापूरकडील खेड्यांत भाकरीबरोबर जें कांहीं लागतें त्यास अजून 'कोरड्यास' म्हणतात, मग तें डाळीचें असो, पालेभाजीचें असो कीं मांसाचें. कौटिल्याचा शाकवर्ग आणि आमच्याकडील कोरड्यास हीं एकाच विचाराचीं दोन नांवें आहेत. त्याच प्रकरणांत मांस शिजविण्याचें प्रमाणही आहे : वीस पलें मांसास एक पल मीठ, अर्धा कुडुब स्नेह व अर्धा प्रस्थ दहीं, जिन्नस वाळलेला असेल तर हें सर्व दुप्पट. या दुपटीचें कारण ग्रंथांत दिलेलें नाहीं. परंतु स्वयंपाकघरांत वावरणाऱ्यास तें सांगावें लागत नाहीं. वाळलेल्या मांसाचें एक पल म्हणजे मूळच्या कित्येक पलांचें सार असतें, आणि भांड्यांत पडल्यावर तें फुगतें व रस ओढून घेतें. ज्यानें हें प्रमाण लिहिलें, त्यानें किंवा त्यास सांगणाऱ्यानें वाळलेलें मांस स्वतः हाताळलें होतें यांत आम्हांस संशय वाटत नाहीं.

आतां धर्मशास्त्राकडे पाहूं, म्हणजे चित्र उलटें होतें. मनूच्या पांचव्या अध्यायांत वर्ज्य मांसांच्या यादींत खाटकाच्या दुकानांतील मांस व वल्लूर हीं जोडीनें येतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांतही हीच जोडी आहे, आणि जाणूनबुजून तें खाल्ल्यास तीन दिवस उपोषणाचें प्रायश्चित्त सांगितलें आहे. या दुसऱ्या उल्लेखाचें आम्हांस विशेष महत्त्व वाटतें, कारण याज्ञवल्क्यावरील प्रसिद्ध टीका मिताक्षरा ही विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (सहावा, इ. स. १०७६ ते ११२६) आश्रयास राहून लिहिली. कल्याणी, म्हणजे हल्लींचें कर्नाटकांतील बसवकल्याण, हें धाराशिव जिल्ह्याच्या उमरगे तालुक्यापासून थोड्याच अंतरावर आहे. ज्या राजधानींत वल्लूर खाणारास प्रायश्चित्त सांगणाऱ्या स्मृतीवर टीका लिहिली गेली, त्याच राजधानींत विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर यानें पुढील कांहीं वर्षांतच मानसोल्लास रचला. त्यांत शके १०५१ (इ. स. ११२९) चा उल्लेख येतो. मानसोल्लासाच्या अन्नभोगप्रकरणांत रानडुक्कर, हरिण, ससा, पक्षी, इतकेंच काय, शेतांतील उंदीर यांच्याही पाककृति आहेत. भडित्रक, कवचंदी, मंडलीय असे मांसाचे प्रकार राजा स्वतः वर्णन करतो, आणि मृगयेच्या पद्धतींचेंही विस्तारानें वर्णन करतो. श्रीगोंदेकरांनीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत हा ग्रंथ संपादून छापण्यास इ. स. १९२५ पासून आरंभ केला, म्हणून तो आज सर्वांस उपलब्ध आहे. एका नगरींत, एका पिढीच्या अंतरानें, निषेधाची टीका आणि पाकशास्त्राचा उत्सव शेजारी शेजारी नांदत होते. स्मृतींतील निषेधावरून तो पदार्थ समाजांत नव्हता असें अनुमान काढणाऱ्यांस हें उदाहरण पुरेसें असावें. जो पदार्थ कोणी खातच नाहीं त्याचें प्रायश्चित्त कोण सांगेल?

वैद्यांचें म्हणणें या दोहोंहून निराळें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, मात्राशितीय अध्यायांत, वल्लूर व वाळलेल्या भाज्या जड असल्यामुळें त्यांचा नित्य अभ्यास करूं नये असें सांगितलें आहे. अभ्यास करूं नये, म्हणजे रोज खाऊं नये. प्रसंगीं खाण्यास तेथें बंदी नाहीं. त्याच श्लोकांत कृश, म्हणजे रोडावलेल्या जनावराचें मांस मुळींच वापरूं नये असेंही म्हटलें आहे. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. याउलट जांगल देशांतील, म्हणजे कमी पावसाच्या मोकळ्या माळरानांतील काळवीट, हरिण व तित्तिर इत्यादींचें मांस वैद्य लघु मानतात. बालाघाटाच्या पठारावरचा हा प्रांत तर जांगल देशाचें जणूं उदाहरणच आहे. परंडे, भूम, कळंब या बाजूचीं माळें हरिणांसाठीं प्रसिद्ध होतीं, आणि फासेपारध्यांचे फांस तेथें पिढ्यान्‌पिढ्या लागत. हरिणाच्या अंगांत चरबी अल्प असते. वाळविण्यास तसेंच मांस लागतें.

तें कां, हें समजण्यासाठीं कृति पाहिली पाहिजे. चान्या करतांना मांस ताजें असतांनाच त्यांतील चरबी व पडदे काढून टाकतात. उरलेल्या निव्वळ लाल भागाच्या तंतूंच्या दिशेनें लांब पट्ट्या कापतात, त्यांस मीठ व असल्यास हळद चोळतात, आणि दोरीवर किंवा काठीवर पसरून कडक उन्हांत वाळत घालतात. कावळे व घारी यांपासून राखण करण्याचें काम मुलांकडे असे. कांहीं दिवसांनीं पट्टी काळपट होते आणि लांकडासारखी कडक लागते. मग ती गाडग्यांत भरून तोंड बांधून ठेवतात. खातांना निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर चावावी, किंवा ठेंचून, भिजवून डाळीबरोबर शिजवावी. कृति एवढीच. हिच्यांत एकही पायरी अनावश्यक नाहीं, हेंच तिच्या जुनेपणाचें गमक आम्ही समजतों.

ताज्या निव्वळ मांसांत शेंकडा ७० ते ७५ भाग पाणी असतें. तें उडून गेलें म्हणजे चार शेरांचें ओझें सुमारें एक-सव्वा शेरावर येतें, आणि पाण्यावांचून कुजविणारे सूक्ष्म जंतु वाढूं शकत नाहींत. मीठ त्या पाण्यास बाहेर ओढण्याचें काम करतें. चरबीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यांत पाणी थोडें, म्हणून ती वाळत नाहीं. उलट वारा व उष्णता लागून खवट होते आणि शेजारच्या मांसासही बिघडविते. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवासी वाळलेल्या मांसाची भुकटी करून तींत वितळविलेली चरबी मिसळून पेमिकन नांवाचे गोळे बनवीत, आणि ध्रुवप्रदेशांत जाणाऱ्या मोहिमांनींही पुढें तेंच अन्न नेलें. परंतु तो थंड हवेचा उपाय आहे. वैशाखांत जेथें पारा चाळीस अंशांवर चढतो त्या धाराशिवांत पेमिकनचा गोळा किती दिवस टिकता, याची कल्पनाच केलेली बरी. येथील बायांनीं चरबी कापून बाजूस ठेवली ती हवामान ओळखून. दक्षिण अमेरिकेंतील डोंगराळ प्रदेशांतला चार्की आणि मंगोल स्वारांचे बोर्त्स हे चान्यांचे खरे भाऊबंद होत. सर्वांची युक्ति एकच : पातळ कापा, पाणी घालवा, ओझें हलकें करा. केवळ उन्हानें सर्व रोगबीजें मरत नाहींत, त्यांची वाढ थांबते इतकेंच. या दृष्टीनें खाण्यापूर्वीं निखाऱ्यावर भाजण्याची किंवा शिजविण्याची रीत शहाणपणाची होती.

या कृतींत महाग वस्तु एकच, ती मीठ. कोंकणच्या आगरांतून घाट चढून बैलांच्या पाठीवरून तें देशावर येई, आणि तें आणणारे वंजारी-लमाणांचे तांडे नळदुर्गाच्या बाजूस अजूनही वसलेले दिसतात. ज्याच्याजवळ मीठ थोडें त्यास ऊन अधिक वापरावें लागे. ऊन मात्र या प्रांतास कोणाकडून विकत घ्यावें लागलें नाहीं. चैत्र-वैशाखांत माळवदावर एकीकडे कुरडया, पापड व सांडगे वाळत, तेव्हां गांवकुसाबाहेर दोरीवर चान्या वाळत. वाळवण दोहोंकडे होतें. पण एक वाळवण लेंकीबाळींच्या कौतुकाचा विषय झालें आणि दुसरें तोंड फिरविण्याचा.

येथें गांवकुसाबाहेरच्या हक्कांचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. महारांस बेदरच्या बादशहानें बावन्न हक्क दिले अशी परंपरा महाराष्ट्रभर आहे. बादशहाच्या बेगमेस सोडवून आणणाऱ्या अमृतनाकाची कथा तिच्याशी जोडलेली आहे, आणि अलेक्झांडर रॉबर्ट्‌सन यांनीं आपल्या इ. स. १९३८ च्या ग्रंथांत तिची नोंद घेतली आहे. बेदर तर या प्रांताचें शेजारचें राजपीठ. कथेची ऐतिहासिकता किती, हा वाद येथें नको. त्या हक्कांत भाकरी मागण्याचा, सुगींत धान्य घेण्याचा आणि मेलेलें ढोर नेण्याचा असे हक्क प्रमुख गणले जात, आणि डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यतेच्या उगमासंबंधींच्या इ. स. १९४८ च्या ग्रंथांत त्यांवर विशेष भर दिला आहे. ढोर उचलणें हें कामही होतें आणि हक्कही होता; आणि ज्याच्या गोठ्यांतून तें निघे तो तें काम करून घेऊन करणारासच अपवित्र ठरवी. सुकालांत ढोर क्वचित् मरे. दुष्काळांत मात्र गोठेच्या गोठे रिकामे होत. एका दिवसांत जें खाऊन संपणार नाहीं तें वाळवावें, हा मार्ग तेव्हां एकच उरे. आणि दुष्काळांतलें ढोर म्हणजे हाडांवर कातडें ओढलेलें ढोर. चरकानें ज्या कृश मांसास स्पर्श करूं नये म्हटलें, नेमकें तेंच. कौटिल्याच्या कोठारांत जांगल मृगांचें मांस जाऊं शकत होतें. गांवकुसाबाहेर मात्र बहुतेक वेळां गांवानें टाकलेलें आलें. कृति तीच राहिली, पदार्थाची प्रत बदलली. चान्यांस जो कलंक लागला तो वाळविण्याच्या विद्येचा नव्हे. ज्या मेलेल्या जनावरावर ती विद्या चालवावी लागली, त्याचा तो आहे.

प्रवासाच्या शिदोरीसंबंधीं आमचें एक अनुमान येथें मांडतों. दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, सातूचें पीठ, लाडू हें पांढरपेशांचें पाथेय आपल्या वाङ्मयांत वारंवार भेटतें. परंतु या देशांत सर्वांत अधिक पायीं चालला तो गांवचा महार. सरकारी टपाल पुढच्या गांवीं पोंचविणें, वसुलाचा खजिना कसब्यास नेणें, स्वारीचें ओझें वाहणें, वाट दाखविणें हीं त्याचीं वतनी कामें. हातांत काठी, खांद्यावर घोंगडी आणि पाठीवर दुसऱ्याचें ओझें असलेल्या माणसास स्वतःची शिदोरी हलकीच हवी. पाण्यावांचून टिकणारें, वाटेंत काटक्यांच्या जाळावर भाजतां येणारें, मूठभर खाऊन चालावयाचें बळ देणारें अन्न त्याच्या घरच्या गाडग्यांत तयार होतें. तें त्यानें बरोबर नेलें असावें असें म्हणण्यास प्रत्यक्ष कागदापेक्षां वस्तुस्थितीचा पुरावा आम्हांस बलवत्तर वाटतो. हाच देश व्यापारी वाटांचाही आहे. पेरिप्लसच्या ग्रीक कर्त्यानें पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलें तगर तें याच जिल्ह्यांतील तेर. दहा दिवसांची वाट म्हणजे दहा दिवसांच्या शिदोरीचा प्रश्न.

किल्ल्यांची गोष्ट निघाली म्हणून परंड्याचा वेढा सांगतों. इ. स. १६३४ मध्यें शहाजहानचा पुत्र शुजा आणि महाबतखान यांनीं मोठें सैन्य घेऊन परंड्यास वेढा घातला. सुरुंग लागले, लढाया झाल्या. शेवटीं किल्ल्याभोंवतीं कोसचे कोस गवत व लांकूड उरलें नाहीं आणि पावसाळा तोंडावर आला, तेव्हां मोगलांस उठून जावें लागलें. आंतल्यांनीं तोफांच्या बळावर जितका टिकाव धरला तितकाच कोठारांच्या बळावर धरला. परंड्याची मलिक-ए-मैदान तोफ त्यापूर्वींच विजापुरास गेली होती. तोफ गेली तरी किल्ला राहिला, ही गोष्ट तोफांच्या भक्तांनीं विचारांत घ्यावी.

चान्यांचा ऱ्हास मात्र कोणत्याही शत्रूनें केला नाहीं. तो बऱ्याच अंशीं करणारांनींच केला, आणि जाणून केला. मार्च १९२७ मध्यें महाड येथील परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं मेलेल्या जनावराचें मांस खाणें सोडा, शिळें तुकडे मागणें सोडा, असा उपदेश केला. इ. स. १९४१ च्या फेब्रुवारींत आज धाराशिव जिल्ह्यांत असलेल्या कसबे तडवळें येथें महार-मांग वतनदारांची परिषद त्यांच्या उपस्थितींत भरली. वतनाचा प्रश्न व मृत ढोराचा प्रश्न हे एकमेकांत इतके गुंतलेले होते कीं एक सुटल्यावांचून दुसरा सुटणें कठीण होतें. पुढें इ. स. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर अनेक घरांनीं तीं गाडगीं कायमचीं फोडलीं. पोटासाठीं स्वीकारलेली एक वस्तु मानासाठीं टाकून देणें हा निर्णय लहान नव्हता. पाककृतींचा नाश झाला म्हणून हळहळणाऱ्या संग्राहकांनीं तो त्याग कोणी व कां केला हें विसरून चालणार नाहीं. कायद्यानेंही वाटा बंद केल्या : इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार गुन्हा झाली, आणि राज्याच्या इ. स. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यांत इ. स. २०१५ मध्यें बैल व वळू यांचाही समावेश झाला. येडशीच्या रामलिंग घाटांत इ. स. १९९७ पासून अभयारण्य आहे.

त्याग झाला तरी आठवण गेली नाहीं, आणि आतां ती लेखनिविष्ट होऊं लागली आहे. पुणें विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रांतून इ. स. २००९ मध्यें दलितांच्या अन्नस्मृतींवर एक पुस्तिका निघाली, तींत चान्यांची नोंद आहे. याच जिल्ह्याचे शाहू पाटोळे यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि इ. स. २०२४ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतरही निघालें. आमच्या मतें हें पुस्तक, त्यांतील पाककृति बाजूस ठेवल्या तरी, मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचें साधन म्हणून बखरींच्या शेजारीं ठेवण्याच्या योग्यतेचें आहे. बखरकार ऐकून लिहीत. येथें लेखकानें चाखून लिहिलें आहे.

जुनीं कागदपत्रें धुंडाळणारांस एक अडचण येथें विशेष जाणवेल. हा प्रांत अनेक हातांतून गेला. इ. स. १८५३ च्या तहान्वयें निजामानें तो इंग्रजांच्या हवालीं केला. मेडोज टेलर त्या वर्षापासून इ. स. १८५७ पर्यंत नळदुर्गास राहून कारभार पाहत होता, इ. स. १८६० मध्यें तो पुन्हां हैदराबादेकडे गेला. त्यामुळें याचीं दप्तरें हैदराबादच्या फार्सी-उर्दू संग्रहांत, पुण्याच्या पेशवे दप्तरांत व इंग्रजी कचेऱ्यांत विखुरलीं आहेत. त्यांत महारांच्या वतनांचे महजर, निवाडपत्रें आणि ढोराच्या कातड्याविषयींचे तंटे हीं आजवर केवळ जातींच्या भांडणाचे कागद म्हणून बाजूस पडत आलीं. वास्तविक ढोर कोणाचें, कातडें कोणाचें, मांस कोणाचें, हें अशाच कागदांत लिहिलेलें असतें. तसेंच किल्ल्यांच्या जिन्नसवार यादी. दारूगोळ्याचा व गल्ल्याचा आंकडा उतरून घेतल्यावर यादीचीं उरलेलीं पानें बहुधा कोणी वाचीत नाहीं. तेल, मीठ, चामडें व वाळलेले किरकोळ जिन्नस हे त्याच पानांवर असतात. परंडें व नळदुर्ग येथील किल्लेदारांच्या किंवा शेजारच्या वतनदारांच्या घराण्यांत असे मोडी अथवा फार्सी बंद ज्यांच्या दृष्टीस पडतील, त्यांनीं तीं मागचीं पानेंही नकलून घ्यावींत.